वर्तमानपत्रांच्या टेबलावर एक फाईल ठेवा

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि ग्रंथपाल यांस,

स. न. वि. वि.

राजकारणाची खरी बातमी कुठे मिळते, असे कुणी विचारले की उत्तरादाखल एखाद्या दैनिकाचे, वाहिनीचे किंवा यूट्यूबवर बोलणाऱ्या पत्रकाराचे नाव पुढे येते. ते नाव सांगणाऱ्याच्या पक्षाला सोयीचे आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळते आणि बोलणे तिथेच थांबते. आमचे म्हणणे असे की समतोल बातमी कुणा एकाकडे तयार मिळत नाही. दोन वेगळ्या बाजूंची वर्तमानपत्रे आणि ज्या कागदावरून बातमी झाली तो मूळ कागद, असे तिन्ही एकाशेजारी एक ठेवून वाचले की ती हाती लागते. बहुतेक गावांत असे टेबल आपल्या वृत्तपत्र विभागातच आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली सुरू झाले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२चे. म्हणजे मराठी वर्तमानपत्र निघण्याआधी चार वर्षे मराठी मुलखात वाचनालय होते. आणि पहिल्यापासूनच आपल्याकडची वर्तमानपत्रे कुठल्या ना कुठल्या बाजूची होती. 'केसरी'तून बाहेर पडून आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला तो मतभेदामुळेच. त्याआधी १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक', कारण आधीच्या पत्रांत त्यांच्या माणसांना जागा नव्हती. बाजू असणे हा दोष नाही. वाचकाला ती बाजू ठाऊक नसणे, किंवा त्याने एकच बाजू वाचणे, यातून नुकसान होते. 'सामना' हे शिवसेनेचे (उद्धव ठाकरे) मुखपत्र आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून त्याचा अग्रलेख सावधपणे वाचता येतो. खरी अडचण येते ती स्वतःची बाजू न सांगणाऱ्या पानांची.

तेव्हा पहिली विनंती खरेदीची. अनेक ठिकाणी दैनिके मागणीप्रमाणे घेतली जातात, आणि मागणी करणारे पाच-सहा ज्येष्ठ सभासद एकाच विचाराचे असले की टेबलावरची चारही पत्रे एकाच सुरात बोलतात. मालकी पाहून निवड करा. 'लोकसत्ता' एक्स्प्रेस समूहाचा, 'महाराष्ट्र टाइम्स' टाइम्स समूहाचा, 'दिव्य मराठी' भास्कर समूहाचा. 'सकाळ' पवार कुटुंबाकडे, 'लोकमत' दर्डा कुटुंबाकडे, 'पुढारी' कोल्हापूरच्या जाधव कुटुंबाकडे. नागपूरचा 'तरुण भारत' संघविचाराचा. यातल्या कुणाची बातमी यामुळे खोटी ठरत नाही, पण कोणत्या बातमीला कोण पहिले पान देईल आणि कोण सातवे, याचा अंदाज येतो. पाच दैनिके घेणाऱ्या ग्रंथालयाने तीन वेगवेगळ्या मालकीची, एक उघड पक्षीय किंवा वैचारिक बाजूचे आणि एक जिल्ह्याचे, अशी वाटणी करावी. 'ड' वर्गाच्या छोट्या ग्रंथालयाला दोनच परवडत असतील तर ती दोन तरी एकमेकांशी न पटणारी असावीत.

मालकी शोधायला शेवटच्या पानाच्या तळाची बारीक ओळ वाचा. मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक आणि छपाईचे ठिकाण तिथे असते. याहून जास्त माहिती आपल्याच कपाटात आहे. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६च्या नियमांनुसार दैनिके दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म ४' हे मालकीचे निवेदन छापत. एक टक्क्याहून अधिक भांडवल असणाऱ्यांची नावे त्यात असत. जुन्या बांधलेल्या फायली असतील तर मार्चच्या पहिल्या आठवड्याचे अंक चाळा, त्या निवेदनाची छायाप्रत काढा आणि स्टँडवर त्या-त्या दैनिकाच्या काठीशेजारी लावा. कुणाच्या मालकीबद्दल टेबलावर वाद निघाला की तो कागद पुरेसा असतो.

आता मुख्य गोष्ट, ती फाईल. साधी दोन छिद्रांची बॉक्स फाईल, वर ठळक अक्षरांत 'मूळ कागद'. आठवड्याला एक राजकीय बातमी घ्यायची. दोन-तीन दैनिकांतली तिची कात्रणे एका बाजूला आणि ती ज्यावरून आली तो शासन निर्णय, निकाल, विधिमंडळातले उत्तर किंवा निवडणूक आयोगाचा तक्ता दुसऱ्या बाजूला. छापील पाने दहाच्या वर नकोत. शंभर पानांचा निकाल पूर्ण छापला तर त्याला कुणी हात लावत नाही. महत्त्वाची पाने छापून बाकीचा कुठे मिळेल ते खाली लिहावे.

मूळ कागदाने काय उलगडते, याची काही उदाहरणे देतो.

'अमुक कामाला ५० कोटी मंजूर' ही बातमी आपण रोज वाचतो. 'मंजूर' या एका शब्दाखाली किमान सहा वेगवेगळ्या पायऱ्या झाकल्या जातात: सभेतली घोषणा, मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निधीचे वितरण, कार्यारंभ आदेश. सत्ताधाऱ्यांना झुकते माप देणारे पत्र पहिल्या पायरीलाच काम झाल्यासारखे लिहिते. विरोधकांकडे झुकलेले पत्र चौथ्या पायरीवरच्या कामालाही 'फक्त घोषणा' म्हणते. एकच काम वर्षभरात चार वेळा 'मंजूर' होते ते यामुळेच. दर वेळी पायरी वेगळी असते आणि मथळा तोच. खरी पायरी शासन निर्णयात कळते. राज्य सरकारच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून तो सापडतो. प्रत्येकाला १८ अंकी सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. समाजमाध्यमावर फिरणाऱ्या 'जीआर'वर असा सांकेतांक नसेल, किंवा तो टाकून संकेतस्थळावर काही सापडत नसेल, तर त्या कागदावर विश्वास ठेवू नये.

शासन निर्णय वाचताना तीन जागा पाहायच्या. वरच्या 'वाचा' या भागात आधीचे संदर्भ असतात, त्यावरून निर्णय नवा आहे की जुन्यालाच मुदतवाढ आहे हे कळते. मधल्या भागात रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून, खर्च होणार ते असते. मोठ्या रकमेच्या निर्णयात लेखाशीर्षच नसेल तर पैसा कुठून येणार हे अजून ठरलेले नसण्याची शक्यता धरावी. शेवटी, वित्त विभागाला विचारून निर्णय झाला असेल तर, त्या विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक आणि तारीख असते. 'वित्त विभागाचा विरोध' अशी बातमी वाचली की ही ओळ आधी तपासावी.

दुसरे उदाहरण आकड्यांचे. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात जाहीर झाली. दरमहा १,५०० रुपये, आणि वर्षाला ४६,००० कोटी रुपये लागतील असे तेव्हा सांगण्यात आले. १० मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात २०२५-२६ साठी ३६,००० कोटींची तरतूद आली. एका बाजूने 'दहा हजार कोटींची कात्री' असे म्हटले गेले, दुसऱ्या बाजूने 'योजनेसाठी ३६ हजार कोटी'. दोन्ही आकडे खरे. टेबलावर बसलेल्या माणसाला एक भागाकार पुरतो: महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. ३६,००० कोटींना १८,०००ने भागले की दोन कोटी येतात. तेवढ्याच महिलांना पूर्ण वर्ष पूर्ण हप्ता देता येईल एवढी ती तरतूद. ४६,००० कोटींना भागले की सुमारे २ कोटी ५५ लाख. आता वाचकाला नेमका प्रश्न विचारता येतो: लाभार्थी किती आहेत, किती वगळले गेले, आणि उरलेली रक्कम पुरवणी मागण्यांतून येणार का? दुसऱ्या सरकारी योजनेतून पैसे मिळणाऱ्या काही महिलांना पूर्ण हप्ता न देता फरकाचे ५०० रुपयेच दिले जातात, हेही हिशेबात धरावे लागते. लाभार्थ्यांची संख्या विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांच्या छापील उत्तरांत शोधावी, सभेतल्या भाषणात नव्हे.

अर्थसंकल्पाच्या बातमीत सगळ्यात जास्त फसगत होते ती रकान्यांची. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे रकाने आहेत. गेल्या वर्षीचा अंदाज आणि यंदाचा अंदाज यांची तुलना चालते. गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च आणि यंदाचा अंदाज यांची तुलना केली की वाढ हवी तशी फुगवता येते, आणि उलट केली की कपात दाखवता येते. फाईलमध्ये अर्थसंकल्पाचे पान लावाल तेव्हा कात्रणातला आकडा कोणत्या रकान्यातला आहे त्याला पेन्सिलीने गोल करा. त्याहून जास्त काही लिहू नका.

तिसरे उदाहरण आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यात कुणीच खोटे लिहिले नाही. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शिवसेनेतील फुटीच्या प्रकरणात एकमताने निकाल दिला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, असे त्यात आहे. भरत गोगावले यांच्या प्रतोदपदाला विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती, असेही आहे. त्याच निकालात असेही आहे की उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा आणता येणार नाही, आणि त्यानंतर एकनाथ शिंदे यांना सरकार बनवायला बोलावणे योग्य होते. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा, असे सांगितले. या पाच मुद्द्यांतले पहिले दोन उचलले की एका बाजूचा विजय दिसतो, तिसरा आणि चौथा उचलले की दुसऱ्या बाजूचा. मथळ्यात पाच मुद्दे मावत नाहीत हे खरे, पण बातमीच्या पोटात ते असायला हवेत. निकाल शेवटाकडून वाचावा: निष्कर्षाचे परिच्छेद आधी, युक्तिवाद नंतर. वकिलाने सुनावणीत काय म्हटले, न्यायमूर्तींनी तोंडी काय शेरा मारला आणि आदेशात काय लिहिले, या तीन गोष्टी बातमीत एकमेकींत मिसळतात. फाईलमध्ये फक्त तिसरी ठेवा.

चौथे उदाहरण मतदानाचे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. संध्याकाळी पाच वाजताचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम आकडा ६६.०५ टक्के. या फरकावर अजून वाद होतो. इथे दोन प्रकारचे कागद वेगळे ओळखायला हवेत. पाच वाजताचा आकडा केंद्राकेंद्रांवरून कळवलेल्या अंदाजांची बेरीज असते. मतदान सहापर्यंत चालते आणि सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन त्यांचे मतदान पूर्ण केले जाते. अंतिम आकडा प्रत्येक केंद्राच्या 'फॉर्म १७-क' या हिशेबावर उभा असतो आणि त्याची प्रत मतदान संपताच उमेदवारांच्या प्रतिनिधींना द्यायची असते. आयोगाचे स्पष्टीकरण हेच आहे. दुसरीकडे, वाढ तपासण्यासाठी केंद्रांवरचे चित्रण पाहू द्या ही विरोधकांची मागणी होती, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलून असे इलेक्ट्रॉनिक दस्त लोकांच्या पाहणीतून वगळण्यात आले. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर असल्याशिवाय ही बातमी पूर्ण होत नाही. आपल्या मतदारसंघापुरते काम सोपे आहे. केंद्रनिहाय निकालाचा 'फॉर्म २०' मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. तो छापा आणि ज्यांच्याकडे १७-क आहेत अशा सर्व पक्षांच्या स्थानिक प्रतिनिधींकडून प्रती मागा. फाईलमध्ये दोन्ही लावा. आपल्या केंद्राची बेरीज वाचक स्वतः ताडून पाहतील.

पैसे घेऊन छापलेली बातमी ओळखायला तर एकाहून अधिक दैनिके शेजारी असणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय. २००९च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री आणि उमेदवार अशोक चव्हाण यांच्याविषयीचा एकच मजकूर एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः छापून आला होता, आणि वेगवेगळ्या नावांनी. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केले ते अंक शेजारी ठेवूनच. या प्रश्नावर भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये अहवाल दिला. चव्हाण यांना निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशेबावरून बजावलेली नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केली, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. आपल्याकडे निवडणुकीच्या पंधरवड्यात रोज दहा मिनिटे हे करता येईल: उमेदवाराच्या कौतुकाची बातमी दिसली की त्यातले मधले एखादे लांब वाक्य दुसऱ्या दैनिकात शोधायचे. पहिले वाक्य बदललेले असते, मधले सहसा कुणी बदलत नाही. सारखे सापडले तर दोन शक्यता उरतात, पक्षाचे प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापले किंवा पैसे देऊन छापवले. कुठली, हे ग्रंथालयाने ठरवू नये. दोन्ही कात्रणे फाईलमध्ये लावावीत आणि कुणाला तक्रार करायची असेल तर त्याला जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समितीचा पत्ता द्यावा.

मोबाईलवर फिरणाऱ्या कात्रणांबाबत आपल्याइतकी मदत दुसरे कुणी करू शकत नाही. एखाद्या दैनिकाच्या अक्षरवळणात बनावट मथळा तयार करणे आता दोन मिनिटांचे काम आहे. कात्रणाला तारीख आणि आवृत्ती नसते, म्हणून ते पकडता येत नाही. असे कात्रण घेऊन कुणी आले तर तारीख विचारा, त्या दिवसाचा अंक काढा, पान दाखवा. अंकात नाही म्हणून लगेच 'खोटे' म्हणू नका. पुणे आवृत्तीतली बातमी नांदेडच्या आवृत्तीत नसते. त्या दैनिकाच्या ई-पेपरमध्ये दुसऱ्या आवृत्त्या पाहा आणि मगच सांगा.

वाहिन्यांबद्दल थोडेच लिहितो. रात्रीच्या चर्चेत मूळ कागद क्वचितच असतो, त्यामुळे फाईलला त्यांचा फारसा उपयोग नाही. पण तक्रारीच्या मुदती भिंतीवर लावा, कारण मुदत उलटली की तक्रार वाया जाते. दैनिकाबद्दल आधी संपादकांना पत्र, आणि बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत वृत्तपत्र परिषदेकडे. परिषद दंड करू शकत नाही, समज देऊ शकते किंवा निषेध नोंदवू शकते. वाहिनी एनबीडीएसए या वृत्तवाहिन्यांनीच नेमलेल्या तक्रार निवारण संस्थेच्या कक्षेत असेल तर प्रसारणापासून सात दिवसांत आधी वाहिनीकडेच तक्रार करावी लागते, म्हणून कार्यक्रमाची तारीख आणि वेळ त्याच रात्री लिहून ठेवावी.

आता हे सगळे कुठे बिघडते ते सांगतो. पहिला धोका शेऱ्यांचा. कुणीतरी कात्रणावर 'खोटारडे' लिहितो, दुसरा त्याखाली उत्तर देतो, आणि फाईलचा आखाडा होतो. मताला जागा हवी म्हणून वेगळी अभिप्राय वही ठेवा आणि फाईलमध्ये तारीख, दैनिक, आवृत्ती, पान याशिवाय एक अक्षरही नको, ग्रंथपालाचेसुद्धा. दुसरा धोका निवडीचा. बातमी कार्यवाहांनी निवडली की ते अमक्या पक्षाचे असा आरोप ठरलेला. एक खोका ठेवा, वाचकांनी बातमीची तारीख आणि मथळा लिहून चिठ्ठी टाकावी, शनिवारी सर्वांदेखत एक चिठ्ठी उचलावी. तिसरा धोका आपल्याला आमच्याहून चांगला ठाऊक आहे. इमारतीची फरशी आमदार निधीतून, संगणक नगरसेवकांकडून. त्यांना न रुचणारा कागद फाईलमध्ये आला की फोन येतो. म्हणून हे काम कुणा एकाच्या अंगावर न ठेवता कार्यकारी मंडळाच्या सभेत चार ओळींचा ठराव करा: फाईलमध्ये अधिकृत कागद आणि छापून आलेली कात्रणेच लागतील, आणि कोणत्याही वाचकाला दुसऱ्या बाजूचा अधिकृत कागद त्यात लावता येईल. फोन आला की ठराव वाचून दाखवायचा आणि त्यांचाही कागद मागून घ्यायचा.

मनुष्यबळ आपल्याकडे आहे. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली शासन निर्णय आणि अर्थसंकल्प रोज उघडतात. त्यांच्यातल्या दोघांनी आठवड्यातले दोन तास दिले तरी हे चालते. दर महिन्याला जोडी बदला, म्हणजे फाईल एकाच्या आवडीची होत नाही.

शेवटची विनंती रद्दीची. बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागच्या महिन्याचे अंक विकले जातात. वृत्तपत्र परिषदेकडे तक्रारीला दोन महिन्यांची मुदत आहे, निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत करावी लागते, आणि बनावट कात्रणे तर कित्येकदा दोन-तीन महिन्यांपूर्वीची तारीख सांगून फिरतात. अंक निदान तीन महिने ठेवा, निवडणुकीच्या वर्षी सहा. जागा नसेल तर पहिले पान, राज्याचे पान आणि जिल्ह्याचे पान एवढीच सुटी करून तारखेप्रमाणे सुतळीने बांधा. या महिन्याची रद्दी अजून गेली नसेल तर ती थांबवा.

आपले,
वृत्तपत्र विभागात रोज बसणारे काही वाचक